स्फिंक्सवर मॅन्युअल सांभाळताना: आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतं. किराणा, हार्डवेअर, कपडे, शेती अवजारं असे सगळ्या प्रकारचे दुकानदार ते वापरतात. त्याचं इंग्रजी आणि मराठी मॅन्युअल सांभाळणं हे माझं काम. गेल्या उन्हाळ्यात ते आम्ही वर्डमधून काढून स्फिंक्स या मॅन्युअल बनवायच्या साधनावर आणलं. तेव्हापासून प्रोग्रॅमच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या, मधेच जीएसटीचे दर बदलले, एक अख्खा मेन्यू इकडचा तिकडे गेला. एवढं सगळं पाहून झाल्यावर या साधनाबद्दल ठामपणे लिहिता येतं. निकाल आधीच सांगते: जरूर घ्या. पण मॅन्युअल मराठीत असेल तर त्यातल्या शोधाच्या (सर्चच्या) सोयीवर भिस्त ठेवू नका, आणि स्क्रीनशॉटची व्यवस्था पहिल्या दिवसापासून वेगळी करा.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पायथन भाषेच्या स्वतःच्या मॅन्युअलसाठी गेऑर्ग ब्रांडल यांनी स्फिंक्स तयार केलं आणि 2008 मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. पैसे लागत नाहीत. साध्या टेक्स्ट फाइलींमध्ये मजकूर लिहायचा, त्यातून वेबपानं, पीडीएफ, ईपब (ई-पुस्तक) असं हवं ते निघतं. फाइली साध्या असल्यामुळे त्या प्रोग्रॅमच्या कोडशेजारीच गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, राहतात. माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हाच.

वर्डच्या काळात लिहिणं कधीच अडलं नव्हतं. अडायचं ते शिळं काय झालंय हे कळण्यात. प्रोग्रॅमरने एखादं बटण हलवलं की ते माझ्यापर्यंत पोचायचं ग्राहकाच्या फोनमधून. "अहो मॅडम, पुस्तकात लिहिलंय ते बटणच नाहीये इथे." गल्ल्यावर चार गिऱ्हाइकं उभी असताना दुकानदाराने मॅन्युअल उघडलं आणि त्यात सांगितलेलं समोर दिसलं नाही, तर तो पुन्हा मॅन्युअल उघडत नाही, सरळ फोन लावतो. त्याचं बरोबरच आहे. म्हणून मॅन्युअल चुकीचं असणं हे मला ते अपुरं असण्यापेक्षा कितीतरी वाईट वाटतं.

आता कोड आणि मॅन्युअल एकाच ठिकाणी आहेत, त्यामुळे एक नियम करता आला. स्क्रीनवर काही बदलणारा कोणताही बदल मॅन्युअलच्या पानासकटच यायचा. पान बदलायची गरज नसेल तर का नाही ते एका ओळीत लिहायचं. सुरुवातीला प्रोग्रॅमर मंडळी कुरकुरली. मी त्यांच्याकडून सुबक मराठी मागत नाही, फक्त "आधी असं होतं, आता असं झालं" एवढ्या दोन ओळी मागते, हे कळल्यावर गाडी रुळावर आली. स्फिंक्सच्या बिल्डमध्ये, म्हणजे फाइलींपासून मॅन्युअल तयार होताना, प्रत्येक वॉर्निंगला एरर मानायची सोय आहे, ती आम्ही चालू ठेवली आहे. एखादं पान अनुक्रमणिकेत नसेल, एखादा संदर्भ नाहीशा झालेल्या भागाकडे बोट दाखवत असेल, चित्राची फाइल गायब असेल, तर बिल्डच होत नाही. बाहेरचे दुवे तपासायची वेगळी आज्ञा आहे, ती आम्ही दर आठवड्याला चालवतो. सरकारी पोर्टलांचे दुवे फार तुटतात, त्यामुळे ती नेहमी काही ना काही शोधून देते.

पण यातलं काहीही बटणाचं नाव बदललेलं ओळखत नाही. "जतन करा"चं "सेव्ह करा" झालं तरी स्फिंक्सच्या दृष्टीने वाक्य ठीकच असतं. यावर आम्ही केलेला उपाय मला सगळ्यात जास्त आवडतो. बटणांची आणि मेन्यूंची नावं मॅन्युअलमध्ये हाताने लिहायचीच नाहीत. प्रोग्रॅम ज्या भाषा-फाइलीतून स्वतःची नावं घेतो, तिच्यातूनच एक छोटी स्क्रिप्ट प्रत्येक नावाला एक खूण देते आणि पानात उभ्या दोन रेघांमध्ये ती खूण लिहायची. नाव बदललं की मॅन्युअल आपोआप बदलतं. बटण काढूनच टाकलं तर ती खूण सापडत नाही, बिल्ड थांबतो आणि कोणत्या पानाच्या कोणत्या ओळीवर थांबला तेही सांगतो. मेन्यू हलला तेव्हा अशा थांबलेल्या ओळींची यादी हाच माझा कामाचा कागद होता.

मराठीत लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवा. अशा खुणेनंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह असावं लागतं. आपले प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे खुणेला लगेच "मध्ये" किंवा "वर" जोडलं की ती खूण ओळखली जात नाही आणि रेघांसकट जशीच्या तशी छापली जाते. मधे उलटी तिरपी रेघ आणि एक मोकळी जागा टाकून हे टाळता येतं, पण सहकाऱ्यांच्या ते लक्षात राहत नाही. म्हणून आम्ही वाक्यच बदललं: "पावतीमध्ये जा" ऐवजी "पावती या मेन्यूत जा". वाचायलाही ते जास्त स्पष्ट आहे.

खरी परीक्षा झाली ती 22 सप्टेंबर 2025 ला. त्या दिवसापासून जीएसटीचे 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे गेले आणि बहुतेक माल 5 किंवा 18 टक्क्यांत आला, निवडक वस्तूंसाठी 40 टक्के. आमच्या मॅन्युअलमधलं नमुन्याचं बिल तुपाचं आणि साबणाचं होतं. तूप 12 वरून 5 वर आलं, साबण 18 वरून 5 वर. हार्डवेअरवाल्यांच्या प्रकरणात सिमेंट होतं, ते 28 वरून 18 वर. साध्या टेक्स्ट फाइली असल्याने मजकुरातली प्रत्येक जुनी टक्केवारी एका शोधात समोर आली. त्यातली कोणती बदलायची आणि कोणती ठेवायची हे मात्र माणसानेच ठरवावं लागलं, कारण ऑगस्टमधल्या बिलाचा माल ऑक्टोबरमध्ये परत आला तर त्या क्रेडिट नोटवर जुनाच दर लागतो, आणि ते प्रकरण आहे तसंच राहायला हवं होतं. दरातला बदल सांगायला स्फिंक्समधली "या आवृत्तीपासून बदललं" ही चौकट कामी आली. आवृत्तीचा आकडा आणि दोन ओळी लिहिल्या की ती पानात ठळक दिसते.

चित्रांचं काय? स्क्रीनशॉटमध्ये लिहिलेलं "12%" कुठल्याही शोधात सापडत नाही. चित्रं डोळ्यांनीच तपासावी लागली. त्यानंतर आम्ही ठरवलं की हाताने स्क्रीनशॉट काढायचेच नाहीत. आता प्लेराइट या ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनाची एक स्क्रिप्ट नमुन्याचं दुकान उघडते, ठरलेल्या स्क्रीनवर जाते आणि दोन्ही भाषांत चित्रं काढून ठेवते. फाइलीच्या नावात भाषेची खूण असली की स्फिंक्स मराठी पानाला मराठी चित्र स्वतःच लावतं, ही सोय उत्तम आहे. चित्रं कमीही केली. ज्या पायरीवर दुकानदार गोंधळतो तिथेच चित्र, बाकी मजकूर.

आता भाषांतर. आमचा मूळ मजकूर इंग्रजीत आहे, कारण ग्राहक गुजरात-कर्नाटकातही आहेत. स्फिंक्स प्रत्येक परिच्छेद सुटा करून पीओ फाइलीत ठेवतं, वर इंग्रजी, खाली मराठी. इंग्रजी परिच्छेद बदलला की जुनं मराठी तिथेच राहतं, पण त्यावर "फझी" (पुन्हा तपासा) असा शिक्का बसतो. कोणता मराठी परिच्छेद शिळा झाला हे वर्डमध्ये मला कधीच कळलं नसतं, इथे ते पोएडिट हा पीओ फाइलींचा प्रोग्रॅम उघडल्याबरोबर दिसतं. मात्र शिक्का बसलेलं भाषांतर पानावर येत नाही, त्या जागी इंग्रजी येतं. मराठी पानात मधेच एक इंग्रजी परिच्छेद पाहून काही दुकानदारांनी नाराजी कळवली. जुनं मराठीच दाखवत राहायची सेटिंग आहे, पण आम्ही ती लावली नाही. कराच्या बाबतीत समजेल असं चुकीचं वाक्य दाखवणं मला पटत नाही. त्याऐवजी शिक्के शिल्लक असताना नवी आवृत्ती बाहेर काढायची नाही असं ठरवलं. इंग्रजीतला नुसता स्वल्पविराम हलला तरी शिक्का बसतो, हे मात्र खरंच वैतागाचं आहे.

शोधाबद्दल तक्रार आहे आणि ती गंभीर आहे. स्फिंक्सचा शोध मजकुराचे शब्द पाडताना मात्रा आणि वेलांट्यांना अक्षर मानत नाही. "पावती" हा एक शब्द त्याला "प" आणि "वत" असे दोन तुकडे दिसतो. त्यामुळे भलतीच पानं वर येतात. "पावती", "पावत्या", "पावतीचा" हे एकाच शब्दाची रूपं आहेत हे ओळखणं तर दूरच, त्यासाठी ज्या भाषांची सोय आहे त्यांत मराठी नाही. एवढं वापरलं जाणारं साधन, आणि देवनागरीच्या वाचकाला ही वागणूक, याचं वाईट वाटतं. आम्ही मराठी पानांवरून शोधाची चौकट काढून टाकली आणि पुस्तकाच्या मागे असते तशी सूची हाताने बनवली. सपोर्टच्या ताईंनी त्यात दुकानदार फोनवर वापरतात ते शब्द घातले: "उधारी", "माल परत", "कच्चं बिल". आता लोक सूचीतून पान गाठतात.

पीडीएफसाठी झीलॅटेक हे पान जुळवणारं इंजिन निवडावं लागतं आणि देवनागरी फॉन्ट स्वतः सांगावा लागतो. आम्ही "मुक्त" नावाचा फॉन्ट लावला आहे, छपाईत छान उठतो.

लिहिण्याची पद्धत शिकायला जड नाही, पण एक मोकळी ओळ विसरली की यादी बिघडते. ज्यांना हे जमत नव्हतं त्यांच्यासाठी मिस्ट हे एक्स्टेन्शन घेतलं, त्यामुळे मार्कडाउन या जास्त सोप्या पद्धतीत लिहिता येतं.

शेवटचा मुद्दा आवृत्त्यांचा. सगळे दुकानदार एकाच दिवशी अपडेट करत नाहीत, मार्चअखेर तर कुणी हातही लावू देत नाही. त्यामुळे सगळ्यांना ताजंच मॅन्युअल दाखवलं तर जुन्या आवृत्तीवाल्याला तेच चुकीचं ठरतं. आम्ही प्रत्येक आवृत्तीचं मॅन्युअल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि प्रोग्रॅममधलं मदतीचं बटण आपापल्या आवृत्तीचं पान उघडतं. ते बटण फाइलीच्या नावाकडे जात नाही, पानात दिलेल्या कायमच्या खुणेकडे जातं, म्हणून पानांची नावं बदलली तरी मदत तुटत नाही. जुन्या आवृत्तीच्या मॅन्युअलमध्ये चूक सापडली तर ती तिथेही दुरुस्त करावी लागते. सध्या ज्या आवृत्त्यांवर ग्राहक आहेत तेवढ्याचीच मॅन्युअल आम्ही दुरुस्त करतो, आणि शेवटचा दुकानदार पुढे सरकला की जुन्या पानांवर "ही आवृत्ती बंद झाली आहे" अशी पट्टी लावून ती तशीच राहू देतो.