व्हीजिकची रजिस्टरं कशानं तपासायची: केव्हीएम-युनिट-टेस्ट्स की सेल्फटेस्ट?

नागपुरात आर्म बोर्डांवर काम करणाऱ्या ओळखीच्या पोरापोरींकडून एक प्रश्न अधूनमधून येतो. केव्हीएमच्या (लिनक्स कर्नलमधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) व्हर्च्युअल इंटरप्ट कंट्रोलरमध्ये, म्हणजे व्हीजिकमध्ये, आम्ही बदल करून राहिलो. त्याची टेस्ट लिहायची कुठे? केव्हीएम-युनिट-टेस्ट्समध्ये, की कर्नलच्या सोर्ससोबत येणाऱ्या सेल्फटेस्टमध्ये?

उत्तर आधीच देऊन टाकतो. बदल फक्त गेस्टला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आत चालणाऱ्या सिस्टिमला, दिसणाऱ्या वागणुकीत असेल, तर पहिलं. आयऑक्टल (बाहेरच्या प्रोग्रामनं कर्नलला केलेली विनंती), सेव्ह-रिस्टोअर, मायग्रेशन यांतल्या कशालाही हात लागत असेल, तर दुसरं, आणि मग फार घोळ घालू नका. रजिस्टरांच्या कामात बहुतेक वेळा दुसरंच निघतं.

त्याचं कारण असं. व्हीजिकच्या एकेका रजिस्टरला दारं दोन आहेत. पुढच्या दारानं गेस्ट येतो. डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे इंटरप्ट वाटून देणाऱ्या भागाच्या, पत्त्यावर त्यानं काही वाचलं किंवा लिहिलं की ट्रॅप बसतो, म्हणजे गेस्ट थांबून ताबा कर्नलकडे जातो, आणि कर्नलमधला कोड खऱ्या चिपच्या वतीनं उत्तर देतो. मागच्या दारानं व्हर्च्युअल मशीन उभं करणाऱ्या क्यूएमूसारखा यूजरस्पेस, म्हणजे कर्नलबाहेरचा, प्रोग्राम येतो. त्याला डिव्हाइस अॅट्रिब्युटच्या आयऑक्टलमधून तेच रजिस्टर वाचता-लिहिता येतं, कारण मशीन एका सर्व्हरवरून दुसरीकडे हलवायचं तर ही सगळी स्थिती काढून पुन्हा भरावी लागते. आणि दोन्ही दारांवर उत्तर एकच मिळेल असं नाही. ते मुद्दाम तसं ठेवलं आहे.

केव्हीएम-युनिट-टेस्ट्सला फक्त पुढचं दार ठाऊक. यातली प्रत्येक टेस्ट म्हणजे एक चिमुकला गेस्ट. लिनक्स नाही, फाइलसिस्टिम नाही. बूट झाला की थेट रजिस्टरांना हात. जिकव्ही२ (आर्मच्या इंटरप्ट कंट्रोलरची, म्हणजे जिकची, दुसरी आवृत्ती) साठीची एमएमआयओ टेस्ट, म्हणजे मेमरीच्या पत्त्यांवरून रजिस्टरं तपासणारी, वाचून काढा, सी येत असेल तर संध्याकाळच्या एका चहात होते. टायपर आणि आयआयडीआर ही जिकची माहिती आणि ओळख सांगणारी रजिस्टरं लिहूनही बदलत नाहीत ना, प्रायॉरिटीची रजिस्टरं बाइटनं वाचली तरी बरोबर येतात ना, असले साधे सरळ प्रश्न ती विचारते. तीन सीपीयूंवर चालणारा एक वेगळा प्रकारही तिथे आहे आणि मला तो फार आवडतो. जिकव्ही२ मध्ये कुठला इंटरप्ट कुठल्या सीपीयूकडे जाणार हे एका बाइटमध्ये ठरतं, प्रत्येक सीपीयूला एक बिट, म्हणून कमाल सीपीयू ८. सीपीयू तीनच असतील तर वरचे पाच बिट लिहिले तरी शून्यच वाचले गेले पाहिजेत. दोन, चार, आठ अशा गोल आकड्यांवर टेस्ट करणाऱ्याच्या नजरेतून हे हमखास सुटतं.

याचा दुसरा मोठा फायदा म्हणजे तोच गेस्ट क्यूएमूवर चालतो, केव्हीएमटूल या क्यूएमूच्या छोट्या पर्यायासाठी बांधता येतो, यूईएफआय फर्मवेअरसाठीही बांधता येतो. दोष कर्नलचा की क्यूएमूचा, हा वाद सोडवायला यासारखं साधन नाही.

आता सेल्फटेस्ट. इथे एकाच सी फाइलमध्ये गेस्टचा कोडही असतो आणि त्याला चालवणारा यूजरस्पेस कोडही. गेस्ट एका टप्प्यावर थांबून नियंत्रण परत देतो, तेवढ्यात तुम्ही मागच्या दारानं आत डोकावता आणि मग त्याला पुढे सोडता. मध्ये क्यूएमू नाहीच. ही अदलाबदल जमते, म्हणूनच दोन्ही दारांची उत्तरं शेजारी ठेवून पाहता येतात.

एक उदाहरण जरा जवळून बघू. जिकव्ही३ चा गेस्ट घ्या, एक एसपीआय (सगळ्या सीपीयूंचा सामाईक इंटरप्ट) निवडा, उदाहरणार्थ ३२ क्रमांकाचा, आणि आयसीएफजीआर या रजिस्टरमध्ये तो लेव्हल-ट्रिगर (लाइन वर असेपर्यंत पेंडिंग राहणारा) करा. तो एनेबल करू नका. आता यूजरस्पेसमधून त्याची लाइन वर करा. गेस्टला आयएसपेंडआर, म्हणजे इंटरप्ट पेंडिंग आहे का ते सांगणारं रजिस्टर (३२ क्रमांकासाठी डिस्ट्रिब्युटरमधला हेक्स २०४ चा ऑफसेट), वाचायला सांगा: बिट १. तेच रजिस्टर मागच्या दारानं वाचा: बिट ०. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, सापडला बग! तो बग नाही. मागच्या दाराला फक्त लॅच झालेलं पेंडिंग दिसतं, म्हणजे गेस्टनं स्वतः आयएसपेंडआरमध्ये लिहून लावलेलं. डिव्हाइसनं धरून ठेवलेली लाइन लेव्हल-इन्फो नावाच्या वेगळ्या गटात मिळते. दोन्ही एकत्र करून सेव्ह केले असते, तर मायग्रेशननंतर डिव्हाइसनं लाइन सोडली तरी इंटरप्ट पेंडिंगच राहिला असता. पेंडिंग काढणारं आयसीपेंडआर तर मागच्या दारानं वाचलं की शून्य, लिहिलं की दुर्लक्ष. हे सगळं कर्नलच्या दस्तऐवजात लिहिलेलं आहे, पण टेस्टमध्ये उतरवल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

दुसरं उदाहरण आयआयडीआरचं. पुढच्या दारावर ते निव्वळ वाचण्यापुरतं. मागच्या दारानं मात्र लिहिता येतं, आणि जिकव्ही२ ची स्थिती परत भरताना बाकी कुठल्याही रजिस्टरच्या आधी तेच लिहायचं असतं. यूजरस्पेसनं ते लिहिलं नसेल, तर इंटरप्ट ग्रुपच्या रजिस्टरांत लिहिलेलं चक्क दुर्लक्षित होतं. एरर नाही, ओरड नाही. क्रम चुकल्याची असली टेस्ट केव्हीएम-युनिट-टेस्ट्समध्ये लिहिताच येत नाही, मग कितीही घाम गाळा.

एरर कोडांचंही तेच. जिकव्ही३ मध्ये डिस्ट्रिब्युटरचा पत्ता ६४ केबीच्या सीमेवर नसेल तर ईइन्व्हॅल, एकदा ठरलेला पत्ता पुन्हा ठरवला तर ईएक्झिस्ट, गेस्टच्या पत्त्यांच्या मर्यादेबाहेर गेलात तर ई-टू-बिग, सीपीयू चालू असताना रजिस्टर मागितलं तर ईबिझी. व्हीजिक-इनिट नावाची सेल्फटेस्ट या पत्त्यांच्याच पाठीमागे लागलेली असते. नवी टेस्ट लिहिणाऱ्यानं तिथूनच उचलावं. एक खूणगाठ बांधा: मदतीच्या फंक्शनांच्या जोड्या असतात. नावाआधी दोन अंडरस्कोअर असलेलं फंक्शन एरर तुमच्या हातात देतं. साधं फंक्शन अपयश आलं की टेस्ट तिथेच पाडतं. अपयशच तपासायचं असेल तर अंडरस्कोअरवालं घ्या.

सीपीयू इंटरफेसच्या, म्हणजे जिकच्या सीपीयूकडच्या बाजूच्या, सिस्टिम रजिस्टरांकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. मागच्या दारानं आलेला नंबर कर्नल एका तक्त्यात शोधतो, तेही बायनरी सर्चनं, म्हणून तक्ता क्रमानं लावलेला असावाच लागतो. कुणी नवीन ओळ चुकीच्या जागी घुसवली, तर तक्त्यात असलेलंही रजिस्टर सापडणार नाही आणि ईएनएक्सआयओ येईल. गेस्टला याचा पत्ताही लागत नाही, कारण तो त्या वाटेनं जातच नाही. सगळ्या रजिस्टरांची यादी घेऊन प्रत्येकाला ‘आहेस का’ असं विचारणारी छोटी सेल्फटेस्ट हा दोष लगेच पकडते. मात्र काही रजिस्टरं प्रायॉरिटीचे बिट किती यावर अवलंबून असतात (५ बिट असतील तर अॅक्टिव्ह प्रायॉरिटीचं प्रत्येक गटात एकच, ७ असतील तर चार), तेवढी सूट टेस्टमध्ये ठेवा. नाहीतर तुमच्या बोर्डावर पास आणि दुसऱ्याच्या बोर्डावर फेल.

आता खरी अडचण: चालवायचं कशावर? टेबलावर रास्पबेरी पाय ४ असेल तर त्यात जिक-४००, म्हणजे जिकव्ही२. पाय ५ मध्येही तेच. वर सांगितलेला आयएसपेंडआरचा प्रयोग त्यांवर होणार नाही, कारण केव्हीएमला तिथे जिकव्ही३ चा गेस्ट उभाच करता येत नाही. आरके३५८८ चिपच्या बोर्डांत जिक-६०० आहे, तो जिकव्ही३; पण त्यात जुन्या व्ही२ ची सोय नाही. दोन्ही तपासायचे तर दोन बोर्ड लागणार. आणि हो, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा पायवर पंखा लावा बाप्पा. ८० अंश गाठले की तो वेग कमी करायला लागतो. रजिस्टर वाचण्याच्या टेस्टला त्याचं काही नाही, पण इंटरप्ट पोहोचायची वाट पाहणाऱ्या टेस्टमध्ये उगाच शंका शिरते.

बोर्ड नाही, नुसता इंटेलचा लॅपटॉप आहे, अशांनी एक सापळा ओळखून असावं. आर्मच्या केव्हीएम-युनिट-टेस्ट्स लॅपटॉपवर टीसीजीनं, म्हणजे क्यूएमूच्या सॉफ्टवेअर अनुकरणानं, चालतात, भराभर पास असं हिरवं दिसतं, आणि केव्हीएमच्या कोडची एकही ओळ चाललेली नसते. तपासला जातो तो क्यूएमूचा स्वतःचा जिक. केव्हीएमच तपासायचं तर क्यूएमूच्या व्हर्ट मशीनला व्हर्च्युअलायझेशन चालू आणि जिक ३ असं सांगा, त्यात आर्म लिनक्स बूट करा आणि सेल्फटेस्ट त्याच्या आत चालवा. सावकाश चालतं, पण व्हीजिकचा कोड खरोखर चालतो.

एक्स८६ वर काम असेल तर तुलना थोडक्यात आटपते. तिथे एकेका रजिस्टरसाठी मागचं दार नाही, लोकल एपीआयसीचं (प्रत्येक सीपीयूच्या इंटरप्ट कंट्रोलरचं) सगळं पान एकाच आयऑक्टलनं येतं-जातं. त्यामुळे गेस्टच्या बाजूनं केव्हीएम-युनिट-टेस्ट्समधली एपीआयसी टेस्ट पुष्कळ काम भागवते, आणि एक्सएपीआयसी व एक्स२एपीआयसी या त्याच्या दोन पद्धतींत आयसीआर या इंटरप्ट पाठवायच्या रजिस्टरची मांडणी बदलते तेवढ्यासाठी सेल्फटेस्टकडे जावं.

पॅच मुख्य कर्नलच्या मेंटेनरकडे पाठवायचा असेल तर आणखी एक गोष्ट वजनदार ठरते. सेल्फटेस्ट कर्नलसोबतच राहते, त्यामुळे दुरुस्ती आणि टेस्ट एकाच पॅच मालिकेत जातात. केव्हीएम-युनिट-टेस्ट्सचं भांडार वेगळं, त्याचा वेग वेगळा. गेस्टच्या बाजूची चांगली टेस्ट लिहिली असेल तर ती तिथे जरूर पाठवा, फक्त दुरुस्तीला तिच्यासाठी थांबवून ठेवू नका.