स्पर्श की दाब? वाद्य घडवणाऱ्यांपुढील एक निवड

स्वतःचे इलेक्ट्रॉनिक वाद्य किंवा प्रेक्षकांना प्रतिसाद देणारी मांडणी घडवायला निघालेले बहुतेक जण आधी बोर्ड, म्हणजे वाद्य चालवणारा छोटा संगणक, कोणता घ्यावा यावर फार वेळ घालवतात. माझ्या अनुभवात त्याहून महत्त्वाचा निर्णय बोटांखाली काय बसवायचे हा असतो: कपॅसिटिव्ह पद्धतीने, म्हणजे शरीर जवळ आल्यावर पत्रीच्या विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेत होणाऱ्या बदलावरून, स्पर्श ओळखायचा, की फोर्स सेन्सरने, म्हणजे दाबाप्रमाणे विद्युतरोध बदलणाऱ्या पातळ पट्टीने, दाब मोजायचा. मी दोन्हींवर वाद्ये बांधली आणि कार्यक्रमांत वाजवली आहेत. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल, हे आधीच मान्य करतो.

कपॅसिटिव्ह स्पर्शाचे आकर्षण मी समजू शकतो, कारण माझी सुरुवात तिथूनच झाली. वादकाचे शरीर सर्किटचा भाग होते ही कल्पनाच मोहक आहे. १९२० च्या सुमारास रशियन संशोधक लेव्ह थेरेमिन यांनी केलेले वाद्य याच तत्त्वावर न शिवता वाजत असे, आणि १९६० च्या दशकात अमेरिकन वाद्यनिर्माते डॉन बुक्ला यांनी आपल्या सिंथेसायझरला पियानोसारख्या पट्ट्या देण्याऐवजी स्पर्शाच्या पत्र्या दिल्या. आज एमपीआर१२१ ही एकच चिप बारा पत्र्या सांभाळते, कॉपर टेप हव्या त्या आकारात कापता येते, आणि घरातली पितळी वाटीसुद्धा वायर जोडताच वाद्याचा भाग होते. झिजण्यासारखे त्यात काही नसते. स्पर्शाला प्रतिसादही चटकन मिळतो.

मात्र एका त्रासाने माझा कौल फिरवला, आणि तो त्रास अर्थिंगचा होता. बोट पत्रीजवळ आल्यावर होणारा बदल मोजण्यासाठी वादकाचे शरीर आणि सर्किट यांना जमिनीमार्फत जोडणारी वाट लागते, आणि ती वाट किती चांगली आहे हे जागेनुसार बदलते. घरी लॅपटॉप तीन पिनांच्या चार्जरवर असताना मी नेमून दिलेली संवेदनशीलता अचूक चालत असे. तोच लॅपटॉप बॅटरीवर घेतला की पत्र्या मंद पडत. एका जुलैमध्ये एका कलादालनात बारा तांब्याच्या पट्ट्यांची मांडणी लावली होती. चप्पल काढून ओल्या फरशीवर उभ्या राहिलेल्या एका आजींनी हात ठेवताच सूर स्वच्छ उमटला, आणि त्यांच्याच मागोमाग जाड रबरी तळव्यांचे बूट घातलेल्या मुलाने तीच पट्टी दाबून दाबून पाहिली तरी ती गप्प राहिली. मुलाचा चेहरा उतरला, तो मला अजून आठवतो. संवेदनशीलता वाढवली, तर पावसाळी हवेत ओलावा धरलेल्या पट्ट्या कोणी न शिवताच वाजू लागल्या. त्या दिवसभरात मी पाच वेळा आकडे बदलले. सर्किट व्यवस्थित अर्थ केल्यास हे बरेचसे आटोक्यात येते हे खरे आहे, परंतु प्रत्येक सभागृहातील अर्थिंगची खात्री वादकाने कशी द्यावी?

फोर्स सेन्सरला जमिनीशी काही देणेघेणे नसते. दोन पातळ थरांमधील वाहक लेप दाबाखाली अधिक जागी टेकतो आणि रोध उतरतो, एवढेच त्याचे काम. दहा किलोओहमचा एक रेझिस्टर, म्हणजे ठरावीक रोधाचा छोटा भाग, जोडला की आकडे मिळू लागतात. शिवाय तो नुसते हो किंवा नाही सांगत नाही. डग्ग्यावर मनगटाचा दाब वाढवताना घिस्स्याचा सूर जसा चढत जातो, तशी चढण हाताला इथे सापडते, आणि आपल्याकडच्या गायन-वादनाची सवय असलेल्या हाताला तेवढे पुरेसे बोलके वाटते. संगीत-तंत्रज्ञ अजय कपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेला इलेक्ट्रॉनिक तबला अशाच दाबाच्या सेन्सरांवर उभा होता, याचे मला नवल वाटत नाही.

याचेही दोष आहेत, आणि ते सांगितलेच पाहिजेत. पिसासारखा हलका स्पर्श त्याला कळतच नाही. एकाच पाकिटातले दोन सेन्सर सारखे वागत नाहीत, त्यामुळे प्रत्येकाचे आकडे वेगळे नोंदवावे लागतात. दाब धरून ठेवला तर आकडा हळूहळू सरकतो. सेन्सरच्या शेपटीवर, म्हणजे वायर जोडायच्या टोकावर, थेट सोल्डरिंग केले तर प्लॅस्टिक वितळते. माझे पहिले दोन सेन्सर असेच गेले, तेव्हापासून मी दाबून बसवायचे क्रिम्पचे कनेक्टरच वापरतो. बारा पट्ट्यांना बारा सेन्सर लागतात, म्हणजे खर्चही वाढतो. आकड्यांचा उतार असमान असल्याने कोडमध्ये रोधाऐवजी त्याचा व्यस्त, म्हणजे वाहकता, वापरावी. हाताला ते फार नैसर्गिक वाटते. सेन्सरवर बोटाच्या टोकाएवढी सिलिकॉनची चकती ठेवली तर दाब नेमक्या जागी पोचतो.

आपल्या कामाचे मर्म न शिवता वाजण्यात असेल, किंवा वाटी, झाड, पाणी यांनाच बोलते करायचे असेल, तर या दोहोंत कपॅसिटिव्ह पद्धतीला पर्याय नाही, आणि मी तिथे अर्थिंगची काळजी घेऊन तीच घ्या असे म्हणेन. पण वाद्य रियाजाला बसण्यासाठी हवे असेल, तर मी दाबाच्या बाजूने झुकेन. माझ्या सध्याच्या वाद्यावर आठ दाबाच्या गाद्या आहेत आणि वरच्या कोपऱ्यात स्पर्शाची एक पत्री मी ठेवली आहे, तानपुऱ्याचा सूर सुरू-बंद करण्यापुरती. ती कधी मंद पडली, तर मी तो सूर पायाच्या स्विचने चालू करतो आणि गाद्यांवरचा हात तसाच पुढे चालतो.