नुसतं मनगट झटकलं तरी 73 दाखवणारा बॅट सेन्सर

माझा मुलगा 14 वर्षांचा आहे, तीन वर्षं बेसबॉल खेळतोय, आणि गेल्या सीझनला त्याची बॅटिंग पार बसली होती. फास्ट पिच, म्हणजे जोरात टाकलेला बॉल, आला की स्विंग लेट, एकतर मिस नाहीतर फाउल, घरी आला की गप्प. मला रात्र रात्र झोप लागायची नाही आणि मग मोबाईलवर शोधत बसायचे, तिथेच ती जाहिरात दिसली. बॅटच्या नॉबला, म्हणजे मुठीखालच्या टोकाला, लावायचा सेन्सर, बॅरलवर, म्हणजे बॅटच्या जाड भागावर, चढवायची वजनाची स्लीव्ह आणि सोबत ॲप, 30 दिवसांत बॅट स्पीड ताशी 10 मैलांनी वाढवा नाहीतर सगळे पैसे परत. खाली एका मोठ्या प्लेयरचा व्हिडिओ. नंतर नीट बघितलं तर त्याच्या बॅटवर सेन्सरच नव्हता, कुठल्यातरी मॅचआधीच्या प्रॅक्टिसची क्लिप उचलून वर यांनी स्वतःचा लोगो टाकलेला.

पहिल्या दिवशी ॲपने ताशी 64 मैल दाखवलं, आठवड्याने 70, तिसऱ्या आठवड्यात 78. पोरगं इतकं खुश होतं, रोज संध्याकाळी "आई, आजचा बघ ना" करत मोबाईल घेऊन यायचं. आणि मॅचमध्ये मात्र आधीपेक्षाही लेट.

शेवटी त्याच्या कोचना दाखवलं. ते म्हणाले, "ताई, मेजर लीगमधल्या, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगमधल्या बॅटर्सचा ॲव्हरेज ताशी 72 मैलांच्या आसपास आहे, 75 च्या वर गेला की तिथेसुद्धा फास्ट स्विंग धरतात. याचा 78 कसा येईल?" मेजर लीगने 2024 पासून बॅट स्पीडचे आकडे सगळ्यांसाठी खुले केलेत, कोणालाही बघता येतात, पण मला हे माहीतच नव्हतं.

घरी येऊन सेन्सर बॅटवरून काढला, नुसता मुठीत धरला आणि मनगट झटकलं. 73, वर "ग्रेट स्विंग". परत लावला आणि बॅट कोपऱ्यात उभी केली, ती घसरून पडली, 61. मुलगा शेजारीच उभा होता. त्याने एवढंच विचारलं, "म्हणजे माझे सगळेच खोटे होते का?" पैशांपेक्षा मला हे जास्त लागलंय.

स्लीव्हची गोष्ट वेगळीच. जाहिरातीत 8 औंस लिहिलेलं, वजन केलं तर 15 च्या वर भरली, त्याची बॅटच मुळात 28 औंसांची आहे! कोच म्हणाले, जड वजन काढल्यावर बॅट हलकी वाटते पण ते फक्त वाटणं असतं, स्पीड त्याने वाढत नाही, कधीकधी थोडा कमीच होतो. वर सगळा भार टोकाला असल्यामुळे त्याचे हात बॅरल ओढत यायला लागले होते. ताशी 90 मैलांचा पिच साधारण 0.4 सेकंदात प्लेटवर, म्हणजे बॅटरपाशी, येतो, त्यात असली सवय लागली तर टायमिंग कुठून येणार. ती सवय मोडायला अख्खा सीझन गेला.

आता पैशांचं, आणि हे जरा नीट वाचा. तक्रार केली तर आधी म्हणाले ॲप अपडेट करा. मग वस्तू ठेवा आणि 15 टक्के परत घ्या. नाही म्हटलं तर 25, मग 40, आणि दर उत्तराला चार-पाच दिवस. बोलणं इतकं गोड की मला वाटत राहिलं आता देतील, मग देतील. शेवटी म्हणाले वस्तू परदेशात स्वतःच्या खर्चाने पाठवा. तेव्हा कुठे बँकेत गेले तर डिस्प्यूट, म्हणजे पेमेंटविरुद्धची तक्रार, टाकायची मुदत संपून गेलेली, आणि त्यांना तेच हवं होतं. त्यामुळे टक्क्यांची भाषा सुरू झाली की त्याच दिवशी बँकेत डिस्प्यूट टाका, त्यांच्या पुढच्या मेलची वाट बघू नका, आणि अर्धवट रिफंडला हो म्हणू नका, घेतला की बऱ्याचदा तक्रार मिटली असंच धरतात.

सध्या तो साध्या टीवर, म्हणजे उभ्या स्टँडवर, बॉल ठेवून मारतो, कोच आतला-बाहेरचा बॉल लावून देतात, समोर आकडा नाही काही नाही. सेन्सर मी फेकलेला नाही, तक्रारीसाठी ठेवलाय. तुमच्याकडे असा कुठला असेल तर बॅटवरून काढून हातात झटकून बघा आणि त्याचा व्हिडिओ लगेच काढून ठेवा, ॲप नंतर अपडेट झालं की दाखवायला काही उरत नाही.