पहिलीसाठी कोणती शाळा: जवळची सेमी की लांबची सीबीएसई?

ठाण्यात लेकीच्या पहिलीसाठी दोन खासगी शाळा यादीत उरल्या. एक चालत जाण्याजोगी, राज्य मंडळाची, सेमी इंग्रजी: गणित इंग्रजीतून, बाकी मराठीतून. दुसरी सीबीएसई, बसने पाऊण तास. तोही घोडबंदर रोड मोकळा असेल तर. पावसाळ्यात देव जाणे.

फीची तर तुलनाच नको. सीबीएसईवाल्यांच्या आकड्यात बस, गणवेश, 'ॲक्टिव्हिटी' धरलेलं नसतं, ते लेखी मागा. मुलाखत घेऊन निवड करायला २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात मनाई आहे, तरी 'सहज गप्पा मारायला' बोलावलंच.

खरा फरक वर्गात दिसला. सेमीत मुलं खच्चून भरलेली, बाकं जुनी. पण बाई चिंचोके मांडून दशक-एकक शिकवत होत्या आणि शेवटच्या बाकावरचा पोरगाही हात वर करत होता. सीबीएसईत पटसंख्या कमी, स्मार्टबोर्ड, एसी. पण घरी मराठी बोलणारी मुलं इंग्रजी शब्द सुचेना म्हणून गप्प. मला तेच खटकलं.

घरात मराठी असेल तर माझं मत सेमीला. बदलीची नोकरी असेल तर मात्र सीबीएसईच घ्या. राज्य बदललं तरी मंडळ बदलत नाही.