पाठीवर वीस डब्या: पॅच टेस्टनंतरचे आठ महिने

मी पुण्यात डबे करते, रोजचे बावीस-पंचवीस. म्हणजे हात दिवसभर पाण्यात, पिठात नाहीतर साबणात. काही वर्षांपूर्वी बोटांच्या बेचक्यांत खाज सुरू झाली. मग मनगटापर्यंत लाली, मग चिरा. हिरवी मिरची चिरताना जीव जायचा. एका गिऱ्हाइकाने "काकू, नायटा आहे का?" असं विचारलं आणि पुढच्या महिन्यापासून डबा बंद केला. ते अजून डोक्यातून जात नाही.

आधीच्या दवाखान्यात दीड वर्ष नुसती मलमं दिली. लावलं की बरं, सोडलं की पुन्हा तेच. मध्येच कुणीतरी रक्ताची ॲलर्जी तपासणी करायला लावली. रिपोर्टात वांगं आलं, हरभरा आला. सहा महिने वांग्याला हात लावला नाही (डब्यात भरली वांगी द्यायची आणि स्वतः चव घ्यायची नाही, करून बघा), हात मात्र तसेच. नंतर नव्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी समजावलं की ती तपासणी लगेच उठणाऱ्या ॲलर्जीची. माझी स्पर्शाची. ती रक्तातल्या आयजीईमध्ये (लगेच उठणाऱ्या ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) दिसत नाही आणि उठायलाही दोन-तीन दिवस घेते. म्हणूनच पॅच टेस्टमध्ये, म्हणजे संशयाचे पदार्थ कातडीवर चिकटवून बघायच्या तपासणीत, पट्ट्या ४८ तास पाठीवर ठेवतात.

मी गेले होते मे महिन्यात. त्या म्हणाल्या, "आता नको, घामाने पट्ट्या सुटतील. थंडीत या." शिवाय मी नुकत्याच स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या होत्या. त्या अंगात असल्या तर खरी ॲलर्जीसुद्धा दबून राहते. जानेवारी उजाडला.

सोमवारी पट्ट्या लावल्या. छोट्या ॲल्युमिनियमच्या चकत्यांसारख्या डब्या, एका पट्टीवर दहा, अशा दोन पट्ट्या. प्रत्येकीत व्हॅसलिनमध्ये कालवलेला एकेक पदार्थ: निकेल, सिमेंटमधलं क्रोमियम, केसांच्या कलपातलं पीपीडी, रबरातली रसायनं, सुगंधांचं मिश्रण. आपल्याकडच्या संचात गाजर गवतही असतं, कारण त्याच्या हवेतल्या कणांनी चेहरा सुजणारे लोक खूप. एका डबीत नुसतं व्हॅसलिन, तुलनेसाठी. बाईंनी आधीच सांगितलं होतं, "हाताला लागतं ते सगळं पिशवीत घालून आणा." भांड्यांचा साबण त्यांनी बाजूला ठेवला, तो तसाच पाठीवर बांधला तर कुणाचीही कातडी भाजेल, म्हणाल्या. पण माझ्या रबरी हातमोज्याचा एक चौकोनी तुकडा कापून तेवढा चिकटवला.

पुढचे दोन दिवस आंघोळ कमरेपासून खाली. पाठ ओली करायची नाही, वजन उचलायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही. कणीक मळायला नणंदेला बोलावलं, तिचे उपकार आहेत. झोपायचं पालथं. खुणा करायच्या पेनाची जांभळी शाई दोन ब्लाउजना कायमची लागली. जुने कपडे घाला हे कुणीच सांगितलं नाही, म्हणून मी सांगते.

बुधवारी पट्ट्या काढल्या. अर्धा-पाऊण तास बसवून मग पाहिलं, कारण चिकटपट्टीची लाली आधी उतरावी लागते. मुलीने मोबाइलवर फोटो काढून दाखवला. पाठभर फिकट गोल वळ आणि त्यात एक लालभडक, बारीक फोड आलेला चौकोन, अगदी कापलेल्या तुकड्याएवढा. माझाच हातमोजा! साबणापासून हात वाचावेत म्हणून दीड वर्ष घालत होते तो. संचातलं थाययुरम मिक्स, म्हणजे रबर पक्कं करताना वापरतात ते रसायन, तेही दोन अधिक (जितकी अधिकची चिन्हं जास्त, तितकी ॲलर्जी जोरात). शुक्रवारी पुन्हा बोलावलं. एवढ्यात सुटले असं वाटत होतं, तर निओमायसिनची जागा हळूहळू फुगली होती. चिरांवर मी रोज चोपडत होते त्या जंतुनाशक मलमात तेच. उशिरा उठणारं आहे म्हणे ते. बुधवारचंच बघून घरी पाठवलं असतं तर निसटलं असतं.

निकेलही एक अधिक आलं आणि मी घाबरले. स्वयंपाकघरातलं सगळं स्टील फेकायचं की काय? पण खोटे कानातले घातले की कान चिघळतात हे कॉलेजपासून माहीत होतं. बाईंनी निकेल ओळखणाऱ्या एका द्रावणात बुडवलेला कापसाचा बोळा त्या कानातल्यांवर घासला, तो गुलाबी झाला. माझा डाव घासला, बोळा पांढराच. टेस्टमध्ये आलं म्हणजे तेच दुखण्याचं कारण, असं नसतं.

तक्रार एकच, रिपोर्टाची. हातात पडतो तो रसायनांच्या नावांचा कागद. ती नावं घरात कुठे लपली आहेत हे शोधायचं आपणच. मला नायट्राइलचे मोजे सुचवले गेले, पण त्यातल्या काहींतही हीच किंवा हिच्या जवळची रसायनं असतात, हे पुढच्या भेटीत कळलं. आता आत सुती, वर व्हिनाइलचे मोजे. फाटतात लवकर, महिन्याचा खर्च वाढला. मलमांच्या मागची बारीक अक्षरं आता भिंग लावून वाचते. कुकरची रबरी रिंग मात्र अजून उघड्या हाताने लावते, त्याने काही झालेलं नाही.

मोजे आणि मलम सोडल्यावर साधारण सहा आठवड्यांत चिरा भरल्या. पूर्ण बरे म्हणणार नाही. गणपतीत सलग एकशे सत्तर मोदक वळले तेव्हा उकडीच्या गरम पाण्याने बोटं लाल झाली होती, पण दोन दिवसांत उतरली. खर्च दोन भेटी धरून तीन हजारांच्या आत झाला. त्याहून जास्त तर मलमांवर गेले.

तो डबा बंद केलेला मुलगा परवा जिन्यात भेटला. मी मुद्दाम हात पुढे करून पिशवी दिली, आत दोन मोदक होते. घेतले त्याने.