मॅक पत्त्याच्या एका रकान्यामुळे झालेली फसवणूक

आमच्या संस्थेतील तीनशेहून अधिक संगणकांची नोंद ठेवण्यासाठी आम्ही एका बाहेरच्या पुरवठादाराकडून इन्व्हेंटरी सॉफ्टवेअर घेतले आणि प्रत्येक यंत्राजवळ जाऊन, त्याची नेटवर्क सेटिंग्ज पाहून ती भरून देण्याचे कामही त्यालाच सोपवले. दोन्ही बाबतींत आम्ही फसलो. ही हकीकत सविस्तर लिहीत आहे, कारण ज्या त्रुटीमुळे आमच्या डोळ्यांत धूळ फेकणे सोपे गेले ती सॉफ्टवेअरच्या रचनेतच होती आणि ती खरेदीपूर्वी अर्ध्या तासात ओळखता आली असती.

प्रात्यक्षिकात प्रत्येक संगणकासाठी एक ओळ दाखवली होती: नाव, आयपी पत्ता (नेटवर्कवरचा यंत्राचा पत्ता), सबनेट मास्क (त्या पत्त्याचा कोणता भाग यंत्राच्या नेटवर्क-विभागाचा, म्हणजे सबनेटचा, हे सांगणारा), गेटवे (सबनेटबाहेर नेणारे यंत्र), डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) आणि मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाची स्वतःची ओळख). काम संपले तेव्हा एकही रकाना रिकामा नव्हता, आणि आम्हाला त्याचेच कौतुक वाटले. पडताळणी म्हणून आम्ही आमच्याच खोलीतली पाच-सहा यंत्रे तपासली, ती बरोबर निघाली, म्हणून काम पूर्ण झाल्याच्या पत्रावर सही करून शेवटचा हप्ताही चुकता केला.

काही आठवड्यांनी दोन यंत्रांचा आयपी पत्ता एकच असल्याची सूचना पडद्यावर येऊ लागली. स्विचवर, म्हणजे यंत्रे एकमेकांना जोडणाऱ्या उपकरणावर, दिसणारा मॅक पत्ता मी नोंदींत शोधला, तर तो कुठेच नव्हता. मग त्या आयपीपुढे नोंदवलेला मॅक पत्ता पाहिला. त्याची पहिली जोडी ‘३बी’ होती. मॅक पत्ता ४८ बिटांचा (० किंवा १ अशा ४८ अंकांचा) असतो आणि सहा जोड्यांत लिहिला जातो; त्यांत ० ते ९ नंतरचे अंक ए ते एफ असे लिहितात, म्हणून बी म्हणजे ११. पहिल्या जोडीचे शेवटचे बिट १ असेल, म्हणजे ती जोडी विषम असेल, तर तो पत्ता यंत्रांच्या गटासाठी असतो. एखाद्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता तसा असूच शकत नाही. संपूर्ण यादी चाळली तेव्हा जवळजवळ निम्म्या ओळींत पहिली जोडी विषम निघाली. मनाला येतील ते अंक टाकत गेले की साधारण हेच प्रमाण येते. वरच्या मजल्यावरच्या यंत्रांचे आयपी १०.०.७ ने सुरू होणारे, मास्क २५५.२५५.२५५.० आणि गेटवे मात्र १०.०.४.१, म्हणजे त्यांच्या सबनेटबाहेरचा. अशा सेटिंग्जवर ती यंत्रे बाहेरच्या नेटवर्कपर्यंत पोहोचलीच नसती, आणि ती तर रोज व्यवस्थित चालत होती. त्या मजल्यावर कोणी गेलेच नव्हते.

जाब विचारल्यावर उत्तर मिळाले की डीएचसीपीमुळे (यंत्रांना आयपी पत्ते आपोआप वाटणाऱ्या व्यवस्थेमुळे) पत्ते बदलतात, आम्ही भरले त्या दिवशी ते तसेच होते. मॅक पत्त्याबाबत हे उत्तर टिकत नाही, पण आयपीबाबत ते खोडून काढायला आमच्याकडे काहीच नव्हते, कारण ती नोंद कधी झाली, हाताने भरली की यंत्राकडून आली, हे साठवायला त्या सॉफ्टवेअरमध्ये जागाच नव्हती. शिवाय सहीचे पत्र त्यांच्या हातात होते. पैसे परत मिळाले नाहीत.

रचना कशी हवी, हे आम्ही त्यानंतर शिकलो. संगणक ही एक नोंद. त्याला जोडलेली प्रत्येक नेटवर्क जोडणी, म्हणजे तारेची, वायरलेस किंवा आभासी, ही वेगळी नोंद. आणि मॅक पत्ता त्या जोडणीचा, संगणकाचा नव्हे. आयपी पत्ते आणखी वेगळ्या तक्त्यात, कारण एकाच जोडणीवर ३२ बिटांचा आयपीव्ही४ आणि १२८ बिटांचे एकाहून अधिक आयपीव्ही६ पत्ते एकाच वेळी असू शकतात. मास्क पत्त्यासोबत राहतो. गेटवे आणि व्हीलॅन (एकाच नेटवर्कचा केलेला आभासी विभाग) सबनेटच्या नोंदीत एकदाच लिहावेत, म्हणजे तीनशे ओळींत तीनशे चुका होत नाहीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ठरवून दिलेला पत्ता आणि प्रत्यक्ष आढळलेला पत्ता हे दोन स्वतंत्र रकाने हवेत, आणि आढळलेल्या पत्त्यापुढे तारीख, वेळ व स्रोत हवाच. (पहिल्या जोडीचा दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल, तर मात्र लगेच खोटेपणाचा आरोप करू नये, आभासी यंत्रे आणि वायरलेस उपकरणे असे स्थानिक, म्हणजे कारखान्यात न देता नंतर ठरवलेले, पत्ते रीतसर वापरतात.)

असे सॉफ्टवेअर कोणी दाखवायला आले, तर एका लॅपटॉपला यूएसबी नेटवर्क अडॅप्टर लावून त्याची नोंद करायला सांगावी, नंतर तोच अडॅप्टर दुसऱ्या लॅपटॉपला लावून पुन्हा नोंद करायला सांगावी. मॅक पत्त्यावरूनच संगणक ओळखणारी रचना दुसऱ्या लॅपटॉपला पहिलाच समजते आणि त्याच्या सेटिंग्जवर नवी माहिती लिहिते. पडताळणीसाठीची यंत्रेही आपणच, शक्यतो सर्वांत दूरच्या खोलीतली निवडावीत, आणि ती तपासून होईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नये.