अ‍ॅमिट्रिप्टिलिन: पाच वर्षं घेतली, सोडायला अकरा महिने लागले

या गोळीबद्दल लोक दोनच प्रकारे बोलतात, एक तर "जीव वाचला" किंवा "आयुष्याची वाट लागली". मी पाच वर्षं रोज रात्री घेतली आणि आता बंद करून चार महिने झालेत, म्हणून सुरुवातीपासून शेवटपर्यंत काय काय झालं ते सगळं लिहितेय. मला डिप्रेशनसाठी दिली होती, ७५ मिलिग्रॅमपर्यंत. मायग्रेन, नसांचं दुखणं, झोप यांसाठी १० किंवा २५ वर असणारे खूप जण आहेत, त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा सौम्य असू शकतो, पण प्रकार तोच.

गोळी जुनी आहे. या गटातली पहिली इमिप्रामिन, तिचा नैराश्यावर उपयोग होतो हे स्वित्झर्लंडमधल्या रोलांड कून या डॉक्टरांनी १९५७ मध्ये मांडलं, आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिन १९६१ पासून वापरात आहे. रसायनाच्या रचनेत तीन कडी असतात म्हणून ट्रायसायक्लिक म्हणतात. जुनी म्हणजे कुचकामी असं मात्र समजू नका. २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २१ अँटिडिप्रेसंट गोळ्यांची एकत्र तुलना आली होती, त्यात परिणामाच्या बाबतीत हीच सगळ्यात वर होती. मग डॉक्टर आधी नव्या गोळ्या का देतात, तर साइड इफेक्ट्समुळे आणि डोस जास्त झाला तर ही हृदयाला फार धोकादायक आहे म्हणून. माझ्या डॉक्टरांनी सुरू करायच्या आधी ईसीजी काढायला लावला आणि पहिले काही महिने एका वेळी पंधरा दिवसांच्याच गोळ्या लिहून दिल्या, तेव्हा मला त्याचा राग आला होता, विश्वास नाही का माझ्यावर असं वाटलं होतं, पण आता कळतं की ते बरोबरच होतं.

परिणामाबद्दल आधी सांगते कारण ते चांगलं आहे. झोप पहिल्याच रात्री लागली, आठ महिन्यांत पहिल्यांदा सलग सहा तास. मन मात्र लगेच नाही सुधारलं, तिसरा आठवडा संपेपर्यंत मला वाटत होतं की ही फक्त झोपेची गोळी आहे. चौथ्या-पाचव्या आठवड्यात एक दिवस सकाळी मी उठून केस धुतले आणि नंतर लक्षात आलं की यासाठी मला स्वतःला ढकलावं लागलं नाही. ज्याला या आजाराचा अनुभव आहे त्याला कळेल ही केवढी मोठी गोष्ट आहे.

आता त्रासाचं. तोंडाला कोरड म्हणजे नुसती तहान नाही, बोलता बोलता जीभ टाळूला चिकटते, रात्री उशाशी पाण्याची बाटली लागतेच. लाळ कमी झाली की दात किडतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, दोन वर्षांत तीन दातांत सिमेंट भरावं लागलं, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनीच विचारलं की कुठली गोळी चालू आहे का. त्यामुळे सुरू करत असाल तर दातांकडे पहिल्या दिवसापासून लक्ष द्या. पोट साफ होत नाही, जवळचं वाचताना अक्षरं पुसट दिसतात, अंथरुणातून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते (मी एकदा बाथरूमच्या दारात पडले, तेव्हापासून आधी काठावर मिनिटभर बसून मगच उठायची सवय लावली). वजन पाच वर्षांत ११ किलो वाढलं. आणि सकाळी दहापर्यंत डोकं जड, ते गोळी रात्री झोपताना घेण्याऐवजी आठ वाजता घ्यायला लागल्यावर बरंच कमी झालं. ज्यांना काचबिंदू आहे, प्रोस्टेटमुळे लघवी अडकते किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी हे डॉक्टरांना आधीच सांगायला हवं, आणि म्हाताऱ्या माणसांना या गोळीने गोंधळल्यासारखं होतं, पडायची भीती असते, म्हणून त्यांना शक्यतो देत नाहीत. सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या यासोबत घेतल्या की कोरड आणि गुंगी दोन्ही वाढतात, दारूने तर गुंगी फारच वाढते. फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन (याही डिप्रेशनच्याच गोळ्या) सोबत असेल तर हिचं रक्तातलं प्रमाण वर जातं, त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तरी हिचं नाव सांगायचंच.

हे सगळं मी सहन केलं आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करेन. माझी तक्रार गोळीबद्दल कमी आहे आणि ती सोडण्याबद्दल मला जे सांगितलं गेलं नाही त्याबद्दल जास्त आहे.

तीन वर्षांनी मला बरं वाटत होतं, वजनाने वैतागले होते, तेव्हाचे डॉक्टर म्हणाले आता बंद करायला हरकत नाही, आठवडाभर अर्धी घ्या आणि मग थांबवा. ७५ वरून आठवड्यात शून्य. तिसऱ्या दिवशी मळमळ सुरू झाली, मग उलट्या, जुलाब, घाम इतका की रात्री दोनदा कपडे बदलले, झोप अजिबात नाही आणि डोळा लागलाच तर इतकी खरी खरी स्वप्नं की जाग आल्यावर खोली ओळखायला वेळ लागायचा. आधी वाटलं पोटाचं इन्फेक्शन आहे. मग चिडचिड सुरू झाली, नवऱ्यावर ओरडले, आईचा फोन कट केला, आणि सहाव्या दिवशी जमिनीवर बसून रडताना मनात एकच विचार होता की आजार परत आला, आता ही गोळी जन्मभराची. आईला नंतर सांगितलं तर ती घाबरून म्हणाली, "अगं, व्यसन लागलं का तुला त्या गोळीचं?" आणि मला स्वतःला पण तेच वाटत होतं, त्याची लाज वाटत होती.

गोळी परत सुरू केली आणि दीड दिवसात सगळं थांबलं. हे फार महत्त्वाचं आहे. आजार असा दीड दिवसात जात नाही, सुरुवातीला मला चार आठवडे लागले होते. दुसऱ्या डॉक्टर मॅडमकडे गेले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा नीट समजावून सांगितलं. ही गोळी शरीरातल्या अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या रसायनाचं काम अडवते, म्हणून तोंड कोरडं, पोट जड, सगळं थंडावलेलं. शरीर वर्षानुवर्षं त्या अडथळ्याशी जुळवून घेतं, त्या रसायनाला जास्त संवेदनशील होतं, आणि अडथळा एकदम काढला की जे बंद होतं ते सगळं एका वेळी उघडतं, म्हणून लाळ, घाम, जुलाब, मळमळ. म्हणजे माझा विथड्रॉल (गोळी सोडल्यामुळे होणारा त्रास) हा माझ्याच साइड इफेक्ट्सच्या बरोब्बर उलट होता. आणि त्या म्हणाल्या की याला व्यसन म्हणत नाहीत, व्यसनात माणूस त्या गोष्टीच्या मागे लागतो, डोस वाढवत नेतो, तुम्ही तर सोडायच्या मागे लागलात. शरीराला सवय झाली आहे एवढंच, पण ती खरी आहे आणि तिला वेळ द्यावा लागतो. हे वाक्य मला तीन वर्षं आधी ऐकायला मिळालं असतं तर ते सहा दिवस मी एवढी घाबरले नसते.

फरक कसा ओळखायचा ते पण त्यांनीच सांगितलं. सोडल्यावर किंवा डोस कमी केल्यावर काही दिवसांतच सुरू झालं, सोबत मळमळ-घाम-स्वप्नं असली आणि गोळी घेताच पटकन उतरलं तर बहुतेक विथड्रॉल. आजार परत येतो तो हळूहळू, आठवड्यांनी-महिन्यांनी, जसा पहिल्यांदा आला होता तसाच. घरच्या घरी निकाल लावू नका, डॉक्टरांना विचाराच, पण निदान तारखा लिहून ठेवा म्हणजे विचारताना काहीतरी हातात असेल.

दुसऱ्यांदा सोडायला लगेच नाही घेतली, वर्षभर स्थिर राहून मग सुरू केली. ७५ वरून ५० सहज जमलं, ५० वरून २५ ला दोन आठवडे झोप बिघडली, आणि मला वाटलं आता उरलंच काय. खरा त्रास तिथून पुढे होता. २५ ते १० आणि १० ते शून्य यातच सात महिने गेले. यामागे कारण आहे, डोस आणि मेंदूवरचा परिणाम सरळ रेषेत चालत नाहीत, थोड्या डोसलाच बराचसा परिणाम झालेला असतो, म्हणून शेवटचे थोडे मिलिग्रॅम काढताना घसरण सगळ्यात मोठी असते. २०१९ मध्ये होरोविट्झ आणि टेलर यांनी लॅन्सेट सायकियाट्रीमध्ये एसएसआरआय (नव्या अँटिडिप्रेसंटचा एक गट) गोळ्यांबद्दल हेच दाखवलं आणि शेवटचे टप्पे अगदी लहान ठेवायला सांगितलं. मॅडमनी तोच विचार माझ्यासाठी वापरला, १० ची अर्धी, मग काही आठवडे द्रवरूप औषध मोजून. एकाआड एक दिवस घेऊन कमी करू नका असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, त्याने प्रमाण वरखाली होतं आणि रोज छोटा विथड्रॉल होत राहतो. एक्सटेंडेड रिलीजची (पोटात हळूहळू विरघळणारी) गोळी असेल तर ती तोडायची नसते, तेही विचारून घ्या.

स्टार द्यायचे तर परिणामाला पाचपैकी साडेचार, रोजच्या त्रासाला दोन, आणि सोडण्याला एक, त्यातही पहिल्यांदा ज्या पद्धतीने सोडायला सांगितलं त्याला शून्य. घ्यावी का असं कुणी विचारलं तर मी नाही म्हणणार नाही, पण पहिल्याच व्हिजिटला डॉक्टरांना विचारा की बंद करताना कशी करायची आणि किती महिने लागतील. उत्तर "आठवड्यात होईल" असं आलं तर पुन्हा विचारा, नाहीतर दुसरं मत घ्या. आणि आत्ता ज्यांच्या घरात कुणी ही घेत असेल त्यांनी कृपा करून "किती दिवस गोळ्यांवर जगणार" असं म्हणू नका, असं ऐकूनच लोक रागाच्या भरात एका दिवसात बंद करतात.

शेवटचा थेंब घेऊन चार महिने झाले. तोंडाची कोरड गेली, ११ पैकी ४ किलो उतरलेत, पहाटे चारला अजून कधीकधी जाग येते. तारखांची वही चालू आहे आणि मॅडमकडे दर सहा आठवड्यांनी जाते, पुढच्या वेळी वही दाखवायची आहे.